जुना हीट सिंक, नवा प्रोसेसर

जुन्या पद्धतीचा शंभर वॅटचा विजेचा दिवा पेटलेला असताना त्याच्या काचेला हात लावता येत नाही, हा अनुभव पुष्कळांना असेल. त्या काचेचे पृष्ठफळ शंभर चौरस सेंटिमीटरांहून थोडे अधिक असते. एखाद्या शक्तिमान संगणकाच्या प्रोसेसरमध्ये तेवढीच, किंबहुना पुष्कळदा त्याहून अधिक उष्णता निर्माण होते. मात्र ती ज्या सिलिकॉनच्या तुकड्यात निर्माण होते, त्याचे क्षेत्रफळ अवघे दोन चौरस सेंटिमीटरांच्या आसपास असते. ही उष्णता तत्काळ दूर नेली नाही, तर काही क्षणांतच प्रोसेसरचे काम मंदावते अथवा थांबते. ती दूर नेण्यासाठी प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा, अनेक पातळ पाती असलेला एक ठोकळा बसवितात. यालाच हीट सिंक म्हणतात. बहुधा त्याच्या जोडीला एक पंखा असतो.

हीट सिंक ही वस्तू दीर्घायुषी आहे. तिच्यात झिजण्यासारखे फारसे काही नाही; पंखा बिघडला तर तो बदलता येतो. प्रोसेसर मात्र दर काही वर्षांनी बदलतात आणि त्यांच्याबरोबर मदरबोर्डवरील छिद्रांची जागाही बदलते. परिणामी पाऊण-एक किलो वजनाचा, उत्तम स्थितीतील धातूचा ठोकळा केवळ दोन मिलिमीटरांच्या फरकामुळे निरुपयोगी ठरतो. हा ठोकळा नव्या बैठकीवर बसविता येईल काय, आणि प्रोसेसर अधिक वेगाने चालवावयाचा असेल तर त्यावर विसंबता येईल काय, हे प्रस्तुत प्रकरणात पाहावयाचे आहे.

वेग आणि उष्णता

प्रोसेसरचे काम घड्याळाच्या ठोक्यांप्रमाणे ठराविक लयीत चालते. ही लय उत्पादकाने नेमून दिलेली असते. ती वाढवून प्रोसेसर अधिक वेगाने चालविणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. १९९८ साली इंटेल कंपनीने बाजारात आणलेला सेलेरॉन ३०० ए हा प्रोसेसर या संदर्भात प्रसिद्ध झाला. त्याचा वेग ३०० मेगाहर्ट्‌झ होता. मदरबोर्डची ६६ मेगाहर्ट्‌झची लय आणि साडेचार हा गुणक यांच्या गुणाकाराने तो ठरत असे. ही लय १०० मेगाहर्ट्‌झ केली की तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्‌झ वेगाने चाले. दीडपट वेग जवळजवळ फुकट मिळत असल्यामुळे हौशी लोकांचे लक्ष साहजिकच तिकडे वेधले गेले, आणि त्याबरोबरच हीट सिंकच्या गुणवत्तेची चर्चा होऊ लागली.

वेग वाढला की उष्णता का वाढते? प्रोसेसरमधील असंख्य सूक्ष्म कळा प्रत्येक ठोक्याला उघडमीट करतात. या क्रियेत खर्च होणारी शक्ती ठोक्यांच्या वेगाच्या प्रमाणात आणि विद्युत्‌दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्के वाढविला आणि तो पेलण्यासाठी विद्युत्‌दाबही दहा टक्के वाढवावा लागला, तर शक्ती १·१ गुणिले १·१ गुणिले १·१, म्हणजे सुमारे १·३३ पट होते. शंभर वॅटचा प्रोसेसर १३३ वॅटचा होतो. वेगातील लाभ दहा टक्क्यांचा आणि उष्णतेतील वाढ तेहतीस टक्क्यांची, असा हा व्यवहार आहे.

उष्णतेचा प्रवाह समजण्यासाठी पाण्याच्या नळाची उपमा उपयोगी पडते. अरुंद नळातून पाणी ढकलण्यास अधिक दाब लागतो. तसेच अडथळ्याच्या मार्गाने उष्णता ढकलण्यास तापमानाचा अधिक फरक लागतो. प्रोसेसरच्या गाभ्यापासून खोलीतील हवेपर्यंतचा एकूण अडथळा दर वॅटला ०·४ अंश सेल्सिअस आहे, असे समजू. शंभर वॅटला प्रोसेसर खोलीपेक्षा ४० अंशांनी अधिक तापेल; १३३ वॅटला ५३ अंशांनी. खोली २५ अंशांवर असेल तर प्रोसेसर ७८ अंशांवर राहील आणि चिंतेचे कारण उरणार नाही. पण वैशाखातील दुपारी नागपूरच्या किंवा दिल्लीच्या एखाद्या खोलीत ४० अंश तापमान असेल, तर तोच प्रोसेसर ९३ अंशांपर्यंत जाईल. अनेक प्रोसेसरांना १०० अंशांच्या आसपास मर्यादा घातलेली असते. ती गाठली की ते स्वतःहून वेग कमी करतात. थंड प्रदेशात लिहिलेले तापमानाचे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे धरून चालत नाहीत, ते यामुळेच.

स्पर्शाचे महत्त्व

हीट सिंकची निवड करताना लोक पात्यांची संख्या आणि पंख्याचा आकार पाहतात. ते चूक नाही. तथापि जुना हीट सिंक नव्या जागी बसविताना पाती आणि पंखा बदलत नाहीत; बदलतो तो प्रोसेसर आणि हीट सिंक यांच्यामधील स्पर्श. यशापयश येथेच ठरते.

धातूचे दोन पृष्ठभाग डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यावर सूक्ष्म उंचवटे व खळगे असतात. ते एकमेकांवर ठेवले की थोड्याच बिंदूंवर टेकतात. उरलेल्या जागेत हवा असते. तांब्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता हवेच्या सुमारे पंधरा हजार पट आहे. म्हणजे हवा हा उष्णतेच्या दृष्टीने जवळजवळ बंद दरवाजाच होय. समजा, स्पर्शाचे क्षेत्र दहा चौरस सेंटिमीटर असून मध्ये एक दशांश मिलिमीटर जाडीचा हवेचा थर राहिला आहे. शंभर वॅट उष्णता या थरातून नेण्यास गणिताने सुमारे ३८५ अंशांचा फरक लागेल. अर्थात प्रत्यक्षात तशी वेळ येत नाही, कारण त्याच्या कितीतरी आधी प्रोसेसर बंद पडतो. त्याच जागेत मध्यम प्रतीची थर्मल पेस्ट भरली, तर फरक अवघा दोन अंशांचा राहतो.

यावरून पेस्ट जितकी अधिक तितकी चांगली, असा समज होण्याचा संभव आहे. तो बरोबर नव्हे. पेस्टची वहनक्षमता हवेपेक्षा पुष्कळ जास्त असली, तरी तांब्याच्या तुलनेत ती फारच थोडी आहे. पेस्टचे काम खळगे भरण्याचे आहे, धातूला धातूपासून दूर ठेवण्याचे नाही. थर पातळ राहावा यासाठी हीट सिंक पुरेशा आणि सारख्या दाबाने बसला पाहिजे.

दाबाचे गणित

दाब कमी पडला तर काय होते, ते वर पाहिले. तो जास्त अथवा तिरका पडला तर काय होते, याचे उदाहरण २००० सालच्या सुमारास पाहावयास मिळाले. एएमडी कंपनीच्या तत्कालीन ॲथलॉन प्रोसेसरांवर धातूचे झाकण नव्हते. सिलिकॉनचा तुकडा उघडाच असे. हीट सिंक लोखंडी पकडीने बसविताना तो किंचित कलला की सारा भार तुकड्याच्या एका कोपऱ्यावर येई आणि कोपऱ्याचा टवका उडे. उलटपक्षी हीट सिंक न टेकता राहिला, तर प्रोसेसर काही सेकंदांत जळून जाई, कारण आपोआप वेग कमी करण्याची सोय त्यात नव्हती. पुढील प्रोसेसरांवर धातूचे झाकण आले, तापमानाचा पहारा आला. त्यामुळे हे दोन्ही धोके पुष्कळ कमी झाले. तरीही अतिरिक्त दाबाने मदरबोर्ड वाकतो, प्रोसेसरखालील बारीक संपर्क-काड्या नीट टेकत नाहीत आणि स्मृतीचा एखादा भाग संगणकाला दिसेनासा होतो, असे प्रकार आजही घडतात.

चांगल्या हीट सिंकमध्ये दाब स्प्रिंगने दिलेला असतो. स्क्रू एका ठराविक खोलीपर्यंतच आत जातो. त्याच्या डोक्याखालील स्प्रिंग दबते आणि तिच्या जोराने हीट सिंक प्रोसेसरवर टेकून राहतो. स्प्रिंग जितकी दबेल तितका तिचा जोर. हा नियम पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

मापांतील फरक

इंटेलच्या मेज-संगणकांसाठी असलेल्या मदरबोर्डांवर हीट सिंकची चार छिद्रे चौरसाच्या कोपऱ्यांवर असतात. २००४ सालच्या एल.जी.ए. ७७५ या बैठकीत चौरसाची बाजू ७२ मिलिमीटर होती. २००८ साली आलेल्या एल.जी.ए. १३६६ मध्ये ती ८० झाली. २००९ सालच्या एल.जी.ए. ११५६ पासून ती ७५ होती आणि २०२० सालच्या एल.जी.ए. १२०० पर्यंत तशीच राहिली. २०२१ साली एल.जी.ए. १७०० आली. नावातील आकडा संपर्कबिंदूंची संख्या दाखवितो. बिंदू वाढल्यामुळे साडेसदतीस मिलिमीटर बाजूचा चौरस प्रोसेसर ४५ गुणिले साडेसदतीस मिलिमीटरांचा आयत बनला. बैठक मोठी झाली आणि छिद्रांच्या चौरसाची बाजू ७८ मिलिमीटर झाली.

एल.जी.ए. १२०० चा हीट सिंक एल.जी.ए. १७०० वर बसविण्याचे उदाहरण घेऊ. बाजू तीन मिलिमीटरांनी वाढली. म्हणजे मध्यापासून प्रत्येक छिद्र आडव्या दिशेने दीड आणि उभ्या दिशेने दीड मिलिमीटर बाहेर सरकले. कर्णाच्या दिशेने हे अंतर २·१२ मिलिमीटर भरते. ७७५ वरून ११५६ वर जाताना हाच फरक पडला होता, हे वाचकांच्या लक्षात येईल.

येथे एक दुसरा फरक आहे, आणि तो डोळ्यांना दिसत नसल्यामुळे अधिक फसवा आहे. नव्या बैठकीत प्रोसेसरच्या झाकणाची मदरबोर्डपासूनची उंची जवळजवळ पाऊण मिलिमीटरने कमी झाली आहे. समजा, जुन्या जागी स्प्रिंग तीन मिलिमीटर दबत होती. नव्या जागी हीट सिंक पाऊण मिलिमीटर खाली उतरेल आणि स्प्रिंग सव्वादोन मिलिमीटरच दबेल. छिद्रे अचूक जुळली, स्क्रू शेवटपर्यंत बसले, तरी दाब मात्र पूर्वीच्या तीन-चतुर्थांश राहिला! छिद्रांचा फरक काम अडवून धरतो म्हणून त्याकडे लक्ष जाते. उंचीचा फरक काम अडवीत नाही, फक्त बिघडवितो. त्यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक स्क्रूच्या डोक्याखाली, स्प्रिंगच्या वर, पाऊण मिलिमीटर जाडीचा वॉशर घातला की स्प्रिंग पूर्वीइतकी दबते.

पट्टीचे काम

काम हाती घेण्यापूर्वी एक चौकशी अवश्य करावी. नव्या बैठकीसाठी लागणाऱ्या पट्ट्या व स्क्रू यांचे संच अनेक उत्पादकांनी उपलब्ध केले, तर काही मदरबोर्डांवर जुन्या व नव्या दोन्ही मापांची छिद्रे ठेवलेली आढळतात. अशी सोय असल्यास कानस हाती घेण्याचे कारण नाही. ती नसेल तेव्हाच पुढील मार्ग.

पहिला नियम असा की, बदल पट्टीत करावयाचा, हीट सिंकमध्ये नव्हे. हीट सिंकच्या तळातून निघून पात्यांत शिरणाऱ्या तांब्याच्या नळ्या भरीव नसतात. त्यांच्या आत निर्वात जागेत थोडासा द्रव, बहुधा पाणी, असतो. तळाशी त्याची वाफ होते, वाफ वर जाऊन थंड होते आणि नळीच्या आतील सच्छिद्र अस्तरातून पाणी परत खाली येते. नळीला सुईएवढे छिद्र पडले किंवा ती चेपली, तर हे चक्र मोडते आणि ती निव्वळ पोकळ नळी उरते. ती पुन्हा पूर्ववत करणे घरच्या कामात शक्य नाही. म्हणून पट्ट्या हीट सिंकपासून सोडवून घ्याव्यात आणि सारे काम संगणकापासून दूर, शक्यतो दुसऱ्या खोलीत करावे. कानशीचा कीस मदरबोर्डवर पडला तर विजेचा मार्ग भलतीकडून जुळतो.

मापे व्हर्निअर कॅलिपरने घ्यावीत. फूटपट्टीचा येथे उपयोग नाही. जुन्या छिद्राचा व्यास चार मिलिमीटर असेल, तर २·१२ मिलिमीटर अंतरावरील नवे छिद्र जुन्यात निम्म्याहून थोडेसे कमी शिरते. अशा ठिकाणी ड्रिल चालवू नये. त्याचे टोक जुन्या छिद्राकडे घसरते आणि दोन्ही छिद्रे वाकडी होतात. पट्टी शेगड्यात घट्ट पकडावी, मध्यापासून छिद्रापर्यंत कर्णरेषा आखावी आणि गोल कानशीने छिद्र त्या रेषेवर केवळ बाहेरच्या बाजूला लांबवावे. सहा मिलिमीटरांहून किंचित लांब अशी खाच तयार होते. खाचेच्या पलीकडे निदान छिद्राच्या व्यासाइतका पत्रा शिल्लक राहिला पाहिजे. तो राहात नसेल, तर दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या पोलादी पट्टीची नवी जोडी करणे हाच योग्य मार्ग होय. कडेला उठलेली धारदार कोर घासून काढावी, पट्टी धुऊन पूर्णपणे वाळवावी.

मदरबोर्डच्या पाठीमागे जी आधारपट्टी असते, तिच्यातही हाच बदल करावा लागतो. ती वगळण्याचा मोह टाळावा. उभ्या पेटीत हीट सिंक आडवा लोंबतो आणि त्याचा सारा ताण मदरबोर्डवर येतो. हा ताण आधारपट्टी वाटून घेते. छिद्रांच्या सभोवती मदरबोर्डवर तांब्याच्या बारीक रेषा गेलेल्या असतात. त्यामुळे तेथे लोखंडी वॉशरऐवजी नायलॉनचे किंवा फायबरचे वॉशर वापरावेत.

नळ्या उघड्याच तळाशी टेकतील अशी काही हीट सिंकांची रचना असते. तेथे दिशेचाही विचार करावा. झाकणाखालील सिलिकॉनचा तुकडा लांबट असतो. नळ्या त्याच्या लांबीला आडव्या ठेवल्या तर अधिक नळ्यांना उष्णता मिळते, समांतर ठेवल्या तर कडेच्या नळ्या जवळजवळ रिकाम्या राहतात.

जुळणी आणि परीक्षा

प्रथम पेस्ट न लावता हीट सिंक ठेवून पाहावा. पट्टी किंवा पाती आसपासच्या एखाद्या भागाला टेकत तर नाहीत ना, याची खात्री करावी. उंची कमी झाल्यामुळे पूर्वी मोकळी असलेली जागा आता मोकळी असेलच असे नाही. नंतर पेस्टचा वाटाण्याएवढा थेंब ठेवून हीट सिंक बसवावा. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे वळू नये. कर्णरेषेवरील समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने, एका वेळी अर्धा फेरा असे आवळावेत. खाचेत स्क्रूला सरकण्यास वाव असतो, म्हणून ही दक्षता दुप्पट महत्त्वाची. पूर्ण आवळून झाल्यावर हीट सिंक पुन्हा उचलून पेस्टचा ठसा पाहावा. मध्यभागी पातळ, सर्वत्र सारखा ठसा उमटला असेल तर बैठक नीट आहे. एका बाजूला जाड थर राहिला असेल तर हीट सिंक कललेला आहे. ठसा पाहिल्यानंतर जुनी पेस्ट पुसून नवी लावावी.

यानंतर संगणक नेमून दिलेल्या वेगानेच चालवून तापमान पाहावे. वेग वाढविण्याची घाई करू नये. तापमान किती चढले याबरोबरच ते किती वेळात चढले, हेही महत्त्वाचे आहे. आठशे ग्रॅम ॲल्युमिनियमचे तापमान एक अंशाने वाढविण्यास सुमारे ७२० ज्यूल उष्णता लागते. १३३ वॅटच्या प्रोसेसरमधून दर सेकंदाला १३३ ज्यूल येतात. म्हणजे एकही ज्यूल हवेत गेला नाही असे धरले, तरी ठोकळा एक अंशाने तापण्यास पाच सेकंदांहून अधिक काळ लागेल. तेव्हा भार पडताच दोन-तीन सेकंदांत प्रोसेसर ९५ अंशांवर पोहोचला आणि पाती मात्र हाताला थंड लागली, तर उष्णता ठोकळ्यात शिरतच नाही, हे उघड आहे. दोष स्पर्शात किंवा दाबात आहे. उलट तापमान काही मिनिटांत सावकाश चढत गेले आणि पातीही गरम झाली, तर स्पर्श उत्तम आहे. हीट सिंक किंवा पंखाच त्या उष्णतेला अपुरा आहे. पहिल्या दोषाला पंखा बदलणे हे औषध नव्हे आणि दुसऱ्याला स्क्रू आवळणे हे औषध नव्हे. पुष्कळांचा पैसा आणि पुष्कळांचे मदरबोर्ड या दोहोंची गल्लत केल्यामुळे वाया जातात.

नेमलेल्या वेगाला तापमान समाधानकारक असेल, तरच वेग लहान पायऱ्यांनी वाढवावा. प्रत्येक पायरीला खोलीचे तापमान वजा करून आकडा टिपून ठेवावा. तसे केले की हिवाळ्यातील नोंद उन्हाळ्यात उपयोगी पडते. काही आठवड्यांनी, विशेषतः संगणकाची जागा हलविल्यावर, तीच परीक्षा पुन्हा करावी. स्क्रू खाचेत सरकला असल्यास आकडा ते सांगेल.

मर्यादा

या कामाच्या मर्यादाही स्पष्ट केल्या पाहिजेत. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान उत्पादकाच्या हमीत सहसा बसत नाही आणि कानस लावलेल्या भागाची हमी कोणी देत नाही. तळ ॲल्युमिनियमचा असेल तर गॅलियमयुक्त द्रवधातूची पेस्ट कधीही वापरू नये, कारण गॅलियम ॲल्युमिनियममध्ये झिरपून त्याला ठिसूळ करून टाकतो. शिवाय, साठ-सत्तर वॅटच्या प्रोसेसरसाठी घडविलेला लहान हीट सिंक कितीही अचूक बसविला, तरी दोनशे वॅटचा भार तो पेलणार नाही. बैठक सुधारल्याने उष्णतेचा मार्ग मोकळा होतो. मार्गाच्या शेवटी असलेली पाती त्यामुळे वाढत नाहीत.

मात्र पाती पुरेशी असतील, तर केवळ छिद्रांची जागा बदलली म्हणून हीट सिंक टाकून देण्याचे कारण नाही. पेटीवर छापलेले बैठकीचे नाव उष्णतेला वाचता येत नाही. तिला सपाट स्पर्श, सारखा दाब आणि अखंड धातू एवढेच लागते. कॅलिपर, गोल कानस आणि पाऊण मिलिमीटरचे चार वॉशर यांच्या साह्याने एवढे तिला देता येते. मात्र मापे घेणाऱ्याने दिसणाऱ्या दोन मिलिमीटरांइतकीच न दिसणाऱ्या पाऊण मिलिमीटरचीही दखल घेतली पाहिजे.